मिरचीची रोपं कुजतायत, हायड्रोजन पेरॉक्साइड चालेल का?

मुलुंडची बाल्कनी: ट्रेमधे मिरची टोमॅटो पेरलेत, दोन पानं येतात आणि मग देठ मातीजवळ काळपट, दोऱ्यासारखा बारीक होतो नि रोप आडवं. कोकोपीटवर पांढरी बुरशी पण दिसतेय. मेडिकलमधे पेरॉक्साइड मिळतं ते घालू का, किती?

गच्चीबाग दादर: हा मर रोग आहे, कोवळी रोपं देठाशी कुजून आडवी होतात, पिथियमसारख्या बुरशीने होतो, पावसाळ्यात मुंबईत फारच. आडवी झालेली वाचत नाहीत, काढून टाका. पेरॉक्साइड बियांना छान, पण आधी लेबल वाचा, बरेचदा २० व्हॉल्यूम म्हणजे ६ टक्केवालं देतात, त्यात तेवढंच पाणी घालून ३ टक्के करा. मग त्यातलं १ टेबलस्पून कपभर पाण्यात, बी अर्धा तास भिजवा, धुवा, पेरा.

शेतकऱ्याची लेक: बियांपुरतं ठीक, मातीत सारखं ओतू नका हो! त्याचं पाणी नि ऑक्सिजन होऊन जातो, असर टिकत नाही आणि जाताना चांगले जिवाणू पण मारतं. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) टाकणार असाल तर दोन्ही एकत्र अजिबात नको, तोही बुरशीच ना, मरेल. खरं औषध म्हणजे पाणी कमी, ट्रेला खालून भोकं, दाट पेरणी नको, आणि ट्रे खिडकीत वाऱ्याला ठेवा, पंखा लावलात तरी चालेल.

मुलुंडची बाल्कनी: ट्रेला भोकंच नाहीयेत! आजच पाडते, नवीन बी भिजवूनच पेरेन. थँक्यू ताई.