प्रदूषित जमिनींच्या पुनर्विकासावरच्या परिषदेला पहिल्यांदाच चालले आहे, काय पाहू आणि काय विचारू?

नकाशावाली

नमस्कार. मी नगररचनाकार आहे. पुढच्या महिन्यात प्रदूषित जमिनी साफ करून पुन्हा वापरात आणण्यावर तीन दिवसांची परिषद आहे आणि ऑफिसातून मी एकटीच चालले आहे. कार्यक्रमपत्रिका उघडली तर एकाच वेळी चार-चार सत्रं, आणि निम्मे विषय वाचूनही कळत नाहीत. रसायनशास्त्र बारावीनंतर सुटलं ते सुटलंच.

जायचं कारण एक जागा आहे. तिथे इलेक्ट्रोप्लेटिंगचा कारखाना होता, बंद पडून वीसेक वर्षं झाली. आता घरं आणि एक बालवाडी असा आराखडा माझ्या टेबलावर आहे. माती तपासणीच्या अहवालात ‘समाधानकारक’ असं लिहिलंय. पण नमुने चारच, तेही कुंपणाच्या कडेकडेने घेतलेले. टाक्या होत्या तिथे राडारोडा पडलाय, म्हणून तिथला एकही नाही. पावसाळ्यात मी स्वतः जाऊन आले. शेडच्या मागच्या खड्ड्यात साचलेलं पाणी पिवळंधमक होतं, हळद कालवल्यासारखं. तेव्हापासून तो अहवाल मला सही करू देत नाही.

तीन दिवसांत कुठे बसू? आणि जाणकार माणसांशी बोलायला सुरुवात तरी कशी करायची?

भूजल

ताई, आधी त्या पाण्याचं बोलू. प्लेटिंगच्या जागेवर पिवळं पाणी म्हटलं की पहिला संशय सहा-संयुजी क्रोमियमवर, म्हणजे क्रोमियम धातूच्या विषारी रूपावर. तो पाण्यात सहज विरघळतो आणि भूजलाबरोबर लांबवर जातो. हात लावू नका. प्रयोगशाळेकडून नमुना घ्यायला लावा आणि त्यांना आधीच सांगा की यात सहा-संयुजी क्रोमियम वेगळा मोजायचा आहे. नमुना गार ठेवून २४ तासांच्या आत तपासला गेला पाहिजे, कारण बाटलीत पडून राहिला तर क्रोमियमचं रूप बदलू शकतं. यासाठी परिषदेची वाट पाहू नका.

आता सत्रांचं. ‘बाष्प-शिरकाव’ अजिबात चुकवू नका. मुलामा देण्याआधी धातूवरचं ग्रीस काढायला पुष्कळ ठिकाणी ट्रायक्लोरोइथिलीन वापरत. ते पाण्याच्या जवळपास दीडपट जड, त्यामुळे भूजलात खाली खाली उतरत जातं, आणि त्याची वाफ मातीतून वर येऊन फरशीच्या भेगांतून खोलीत शिरते. वरची माती स्वच्छ निघाली तरी खोलीतली हवा वाईट असू शकते. बालवाडीचा आराखडा समोर असताना हे तुम्हाला कळायलाच हवं. न्यू जर्सीत थर्मामीटरच्या जुन्या कारखान्यात पाळणाघर सुरू झालं होतं. आत पाऱ्याची वाफ आहे हे कळल्यावर २००६ साली ते बंद करावं लागलं. तोवर मुलं तिथे रोज येत होती. मी हे उदाहरण प्रत्येक नव्या माणसाला सांगते.

दुसरं, ‘रिॲक्टिव्ह बॅरियर’. नाव भारी वाटतं, पण गोष्ट साधी आहे. भूजलाच्या वाटेत आडवा चर खणून त्यात लोखंडाचा कीस भरतात. पाणी त्यातून झिरपताना क्रोमियम कमी घातक रूपात जाऊन तिथेच अडकतो. अमेरिकेत एलिझाबेथ सिटीला तटरक्षक दलाच्या तळावर १९९६ मध्ये अशी सुमारे ४६ मीटर लांबीची भिंत घातली, आणि तिथेही प्रदूषणाचं मूळ प्लेटिंगच होतं.

बोलायला सुरुवात कशी करायची? एका कागदावर तुमच्या जागेचा नकाशा काढून न्या. टाक्या कुठे होत्या, गटार कुठून जायचं, जवळची विहीर कुठे, जमिनीचा उतार कुठे. आमच्या धंद्यात तीनच गोष्टी आधी विचारतात: विष कुठे आहे, कोणत्या वाटेने जातं, कुणापर्यंत पोचतं. तुमच्या कागदावर या तिन्हींची जागा ठेवा. पोस्टरच्या दालनात माणसं आपापल्या पोस्टरजवळ तासभर उभी असतात आणि कुणी काही विचारावं म्हणून वाटच पाहत असतात. तिथे तो कागद उघडा.

आणि प्रत्येक वक्त्याला एक प्रश्न विचारा: तुम्ही नमुने कुठे *घेतले नाहीत*, आणि का? तुमच्या अहवालातली खोट नेमकी हीच आहे आणि ती तुमच्या लक्षात आली आहे. रसायनशास्त्राची काळजी करू नका.

करारमदार

भूजलताईंना पुस्ती जोडतो. कायद्याचं एक सत्र तरी गाठा. अमेरिकेत नायगारा फॉल्स शहरात लव्ह कॅनॉल या जुन्या कालव्याची जमीन एका रासायनिक कंपनीने १९५३ मध्ये शाळा मंडळाला एका डॉलरला दिली. खाली रसायनं पुरलीत हे खरेदीखतात लिहिलेलं होतं. तरी शाळा झाली, शेजारी घरं झाली, आणि १९७८ ला आणीबाणी जाहीर करून कुटुंबं हलवावी लागली. इशारा कागदावर होता, पण घर घेणाऱ्यापर्यंत तो कोण पोचवणार हे कुणीच ठरवलं नव्हतं. विहीर खणायची नाही, वरचा थर फोडायचा नाही असे निर्बंध तुमच्या आराखड्यातही येतील. ते तीस वर्षांनी कोण वाचेल, हे त्या सत्रात विचारा.

साइटवाला

प्रत्यक्ष जागा पाहायची सहल असेल तर आजच नाव द्या, जागा भरतात. बंद बूट लागतात.

नकाशावाली

परत आले. सगळ्यांचे मनापासून आभार.

सहलीत ड्रिलिंगवाल्याने पारदर्शक नळीतला मातीचा गाभा चिरून दाखवला. वर वीटकरी भराव, मग बोटभर काळी राख, खाली करडी चिकणमाती. राखेच्या रेषेवर बोट ठेवून तो म्हणाला, जुनी जमीन इथे सुरू होते, वरचं सगळं नंतर आणून टाकलेलं. आमचे चारही नमुने अर्ध्या मीटर खोलीवरचे. म्हणजे भरावातलेच असणार. आमची माती कुणी तपासलेलीच नाही.

पोस्टरच्या दालनात कागद उघडला तेव्हा एका वयस्कर भूवैज्ञानिक बाईंनी पेन काढून गटाराच्या रेघेवर तीन फुल्या मारल्या, चौथी टाक्यांवर. प्रश्न सहा वक्त्यांना विचारला. दोघांनी नकाशा पुन्हा पडद्यावर लावून मोकळ्या जागा दाखवल्या, आणि त्या दोघांकडूनच मी सगळ्यात जास्त शिकले.

पाण्याचा अहवाल आला, सहा-संयुजी क्रोमियमच आहे. खड्ड्याभोवती कुंपण घातलंय. राडारोडा हलवून टाक्यांखाली बोअर घेण्याचं पत्र काल गेलं, त्या चार फुल्यांसकट. बालवाडीची जागा आराखड्यात तूर्त कोरी ठेवली आहे. भूजलताई, मातीतली वाफ मोजायला नळ्या किती खोल घालायच्या, ते सांगाल का?