विंडोज ११ अपग्रेड अडतंय: पार्टिशन १०० टक्के रिकामी, तरी जागा नाही म्हणे (मदत हवी आहे)

लॅपटॉपवर विंडोज १० आहे. त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून ११ वर जायचंय. पीसी हेल्थ चेकमध्ये (मायक्रोसॉफ्टचं तपासणी ॲप) टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), सिक्युअर बूट, प्रोसेसर, सगळ्यावर हिरवी खूण. पण सेटअप चालवला की 'वी कुडन्ट अपडेट द सिस्टिम रिझर्व्ड पार्टिशन' एवढंच सांगून बंद.

सी ड्राइव्हवर ८० जीबी मोकळे आहेत. डिस्क मॅनेजमेंटमध्ये १०० एमबीची ईएफआय पार्टिशन (बूटच्या फाइल्सचा डिस्कवरचा वेगळा भाग, तीच ही सिस्टिम रिझर्व्ड) दिसते, तीही '१०० टक्के फ्री'. मग अडतंय कुठे? अँटिव्हायरस काढला, पेनड्राइव्ह वगैरे काढून पाहिलं, फरक नाही. फॉरमॅट मारायचा सल्ला कृपया नको, बरीच सॉफ्टवेअर पुन्हा टाकणं जमण्यासारखं नाही.

प्रतिसाद १
त्या '१०० टक्के फ्री'वर जाऊ नका. ईएफआय पार्टिशनला ड्राइव्ह लेटर नसतं, त्यामुळे डिस्क मॅनेजमेंटला आतलं काही दिसत नाही आणि ते सरसकट रिकामी दाखवतं. खरी स्थिती अशी पाहा: कमांड प्रॉम्प्ट 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'ने उघडा, 'माउंटव्हॉल वाय: /एस' द्या (पार्टिशनला तात्पुरतं वाय: लेटर मिळतं), मग 'डिर वाय: /ए'. शेवटच्या ओळीत मोकळे बाइट्स येतील. सेटअपला तिथे साधारण १५ एमबी लागतात.

प्रतिसाद २
मिनीटूलसारखं पार्टिशनचं सॉफ्टवेअर घेऊन पार्टिशन मोठी करा की सरळ.

प्रतिसाद १
करता येते, पण तिच्या लगेच पुढे १६ एमबीची एमएसआर (विंडोजने स्वतःसाठी राखलेली पार्टिशन) असते आणि मग सी. म्हणजे दोन्ही सरकवावे लागणार. मध्येच वीज गेली तर ज्या फॉरमॅटला हे नको म्हणतायत तोच करावा लागेल. आधी जागा मोकळी करून बघा.

धागाकर्ता
पाहिलं. जेमतेम ४ एमबी शिल्लक! काय उडवू?

प्रतिसाद १
वाय:\ईएफआय\मायक्रोसॉफ्ट\बूट\फॉन्ट्स मधल्या फाइल्स. बूटच्या वेळच्या स्क्रीनसाठीचे फॉन्ट असतात ते, उडवले तरी विंडोज सुरू होतं; मायक्रोसॉफ्टही हाच उपाय सांगते. त्याच बूट फोल्डरमधल्या बीसीडी नावाच्या फाइलला मात्र हात लावू नका, ती गेली तर लॅपटॉप उठणारच नाही. बिटलॉकर (डिस्कचं एन्क्रिप्शन) चालू असेल तर आधी सस्पेंड करा आणि रिकव्हरी की दुसरीकडे लिहून ठेवा. डिलीट करण्याआधी सगळ्याची प्रत सी वर घ्याच.

धागाकर्ता
फॉन्ट काढून १५ च्या जरा खालीच राहिलं. पण ईएफआयमध्ये लॅपटॉप कंपनीच्या नावाचं एक फोल्डर आहे, त्यात बायॉसच्या (लॅपटॉप सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) जुन्या आवृत्त्या. त्यानेच निम्मी जागा खाल्ली आहे. काढू का?

प्रतिसाद १
बायॉस बिघडला तर परत बसवायला ठेवलेल्या प्रती आहेत त्या. सध्याच्या आवृत्तीची राहू द्या, बाकीच्या पेनड्राइव्हवर हलवा. झालं की 'माउंटव्हॉल वाय: /डी' द्या आणि रीस्टार्ट करून सेटअप चालवा.

धागाकर्ता
हलवल्या. सेटअप त्या टप्प्याच्या पुढे गेला, इन्स्टॉल झाला, सॉफ्टवेअरही जागच्या जागी! आता विंडोज.ओल्ड फोल्डर (जुन्या विंडोजच्या फाइल्स) लगेच काढू की ठेवू?

प्रतिसाद १
ठेवा. १० वर परत जायची सोय तेवढीच, आणि तीही १० दिवसांची. नंतर विंडोज स्वतःच काढतं. बिटलॉकर पुन्हा चालू करा तेवढं.