ईडीनंतरचा पर्ड्यू: २०२४-२५ साठी सुरुवातीचे पाच कोण असावेत?

टिपऑफ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. पर्ड्यू या अमेरिकी विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचा २६ ऑक्टोबर २०२४ ला ओमाहात क्रेटनविरुद्ध सराव सामना आहे आणि ४ नोव्हेंबरला घरच्या मॅकी अरीनात टेक्सस ए अँड एम-कॉर्पस क्रिस्टीविरुद्ध हंगाम सुरू होतो आहे. असोसिएटेड प्रेसच्या हंगामपूर्व क्रमवारीत पर्ड्यू चौदावा आहे. गेल्या एप्रिलमध्ये राष्ट्रीय अजिंक्यपदाचा अंतिम सामना खेळलेल्या संघाला हे स्थान खालचे वाटेल, पण उंच सेंटर (बास्केटजवळ खेळणारा खेळाडू) झॅक ईडी याच्याशिवाय उतरणाऱ्या संघावर मतदारांनी एवढा विश्वास दाखवावा, हे मला तरी मोठेच वाटते.

ईडी म्हणजे सामन्यामागे सरासरी २५.२ गुण आणि १२.२ रिबाउंड (हुकलेला चेंडू परत मिळवणे), म्हणजे संघाच्या दर दहा गुणांपैकी सुमारे तीन एकट्याचे. त्याच्याबरोबर लान्स जोन्स, मेसन गिलिस आणि ईथन मॉर्टन हेही गेले. गिलिसने ड्यूकची वाट धरली, मॉर्टन कोलोरॅडो स्टेटला गेला आणि जोन्सची विद्यापीठाकडून खेळण्याची पात्रता संपली. अशा वेळी बहुतेक संघ ट्रान्सफर पोर्टलवर, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीकडे, धाव घेतात. प्रशिक्षक मॅट पेंटर यांनी मात्र उन्हाळ्यात बाहेरून एकही अनुभवी खेळाडू घेतला नाही. जे आहेत त्यांच्यावर आणि पाच नवागतांवर (पहिल्या वर्षाच्या खेळाडूंवर) विसंबून राहण्याचे त्यांनी ठरवले आहे.

पाचपैकी तीन नावांबद्दल फारसा वाद नसावा. ब्रेडन स्मिथ पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू वर नेऊन आक्रमण मांडणारा, त्याच्या शेजारी फ्लेचर लॉयर, आणि पुढच्या फळीत ट्रे कॉफमन-रेन. उरलेल्या दोन जागांचे काय? कॉफमन-रेनला पाच क्रमांकावर, म्हणजे सेंटर म्हणून खेळवून त्याच्याभोवती दुरून मारणारे चार नेमबाज उभे करावेत, की त्याला चार क्रमांकावरच, म्हणजे सेंटरचा जोडीदार म्हणून, ठेवून मध्यभागी डॅनियल जेकबसन किंवा विल बर्ग यांच्यापैकी एखादा सात फुटांहून उंच खेळाडू उभा करावा? कॅम्डेन हाइडी आणि माइल्स कॉल्विन यांच्यापैकी सुरुवातीला कोण असावे? केलेब फर्स्टचे स्थान कुठे? केवळ नावे न देता कारणेही सांगावीत, ही विनंती.

उंचमाझा

टिपऑफ, आपण अचूक जागी बोट ठेवले आहे. बाकी साऱ्या निवडी या चार-पाचच्या उत्तरावरून ठरतील, म्हणून मी तिथेच थांबून लिहितो.

गेल्या हंगामात कॉफमन-रेन सुरुवातीच्या पाचांत असे, पण त्याची मिनिटे मर्यादित होती आणि त्याचे गुण सरासरी ६.४ होते. या आकड्यावरून त्याचा अंदाज बांधणे अन्यायाचे ठरेल, कारण ज्या जागेत तो सर्वांत चांगला खेळतो, त्या बास्केटजवळच्या जागेत ईडी उभा असे. कॉफमन-रेन थ्रीचा, म्हणजे दुरून मारलेल्या तीन गुणांच्या शॉटचा, खेळाडू नाही. पाठीवर बचावपटू घेऊन पावलांच्या कौशल्याने वळणे, उजव्या हाताने छोटा हुक मारणे आणि फ्री थ्रो रेषेजवळ चेंडू मिळताच दोन पावलांत निर्णय घेणे, ही त्याची ताकद आहे. ईडीबरोबर खेळताना ती वापरण्याची संधी त्याला क्वचितच मिळाली. आता त्याच्याशेजारी पुन्हा एक बास्केटखालीच रमणारा सेंटर उभा केला, तर गेल्या वर्षीची तीच कोंडी होईल, आणि तीही ईडीचा लाभ नसताना.

स्मिथच्या दृष्टीनेही पाहा. त्याचे सरासरी ७.५ असिस्ट (थेट गुण मिळवून देणारे पास) होते आणि एका हंगामातील असिस्टचा विद्यापीठाचा विक्रम त्याच्या नावावर आहे. स्क्रीन घेऊन, म्हणजे बचावपटूची वाट अडवणाऱ्या सहकाऱ्याच्या आडोशाने, तो वळला की समोरचा सेंटर पेचात पडे: पुढे यावे तर ईडीकडे उंच पास, मागे राहावे तर स्मिथचा मधल्या अंतरावरचा जंप शॉट. उंच पासची ती सोय कॉफमन-रेनच्या ६ फूट ९ इंचांमुळे तितकी राहणार नाही, पण स्क्रीन लावून तो अर्ध्या वाटेत थांबला, चेंडू घेतला आणि त्याच्यासमोर एकटाच बचावपटू उरला, तर बाकीचे तिघे थ्रीच्या रेषेबाहेर मोकळे असतील. लॉयरने गेल्या हंगामात ४४ टक्क्यांहून अधिक थ्री आत टाकले, स्मिथने ४३ टक्के. असे नेमबाज बाहेर असताना मदतीला धावणाऱ्या बचावपटूला प्रत्येक पावलाची किंमत मोजावी लागेल.

पेंटर यांनी हे पूर्वी केलेलेही आहे. २०१६-१७ मध्ये त्यांच्याकडे ७ फूट २ इंचांचा आयझॅक हास होता आणि कॉफमन-रेनच्याच उंचीचा केलेब स्वॅनिगन होता. दोघांना एकत्र खेळवणे आणि स्वॅनिगनला सेंटर करून भोवती नेमबाज ठेवणे, या दोन्ही मांडण्या त्यांनी वापरल्या. स्वॅनिगनने १८.५ गुण आणि १२.५ रिबाउंडची सरासरी राखली आणि पर्ड्यूने आपल्या बिग टेन या विद्यापीठ गटाचे विजेतेपद मिळवले. कॉफमन-रेन स्वॅनिगनइतके रिबाउंड घेईल असे मी म्हणत नाही, पण उंच सेंटरशिवाय पेंटर यांची पद्धत चालतच नाही, हा समज मात्र खरा नाही.

प्रश्न उरतो तो बचावाचा, आणि तो गंभीर आहे. ईडी असताना पर्ड्यूचा सेंटर स्क्रीनच्या वेळी मागे, बास्केटजवळ थांबत असे. ७ फूट ४ इंचांच्या देहावरून चेंडू टाकणे कठीण म्हणून ते चालून जाई. कॉफमन-रेन तसाच मागे थांबला तर समोरचे गार्ड सरळ त्याच्या अंगावर येतील. दुसरी हानी फारशी कोणी मोजत नाही. ईडीमुळे प्रतिस्पर्धी लवकर फाउलमध्ये सापडत. अर्ध्या सामन्यात सातव्या फाउलनंतर एक अधिक एक (पहिला फ्री थ्रो आत गेला तरच दुसरा) आणि दहाव्यानंतर थेट दोन फ्री थ्रो मिळतात. ही मर्यादा लवकर ओलांडली जाण्याचा फायदा स्मिथ आणि लॉयर यांनाही होत असे. ते गुण आता दुसरीकडून शोधावे लागतील.

तरीही माझे पाच असे: स्मिथ, लॉयर, कॉल्विन, हाइडी, कॉफमन-रेन. जेकबसन पहिला बदली सेंटर.

बाहेरचीरेषा

उंचमाझा यांचे आक्रमणाचे विवेचन मला पूर्ण पटते, पण सगळी चर्चा ईडीच्या रिकाम्या जागेभोवती फिरते आहे आणि लान्स जोन्सची रिकामी जागा कोणी पाहतच नाही, याची मला खरोखर काळजी वाटते.

२०२३ च्या मार्चमध्ये अग्रमानांकित पर्ड्यू फेअरली डिकिन्सनकडून राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत हरला, तेव्हा ईडी होता, स्मिथ होता, लॉयरही होता. उणीव होती ती दडपणाखाली चेंडू सुरक्षित वर नेणाऱ्या दुसऱ्या गार्डची आणि समोरच्या वेगवान गार्डला अंगाला चिकटून रोखणाऱ्या खेळाडूची. सदर्न इलिनॉयहून आलेल्या जोन्सने या दोन्ही उणिवा भरल्या आणि वर सरासरी ११.७ गुण दिले. समोरच्या संघाचा सर्वांत धोकादायक गार्ड त्याच्याकडे असे, म्हणून स्मिथला आक्रमणासाठी दम राखता येई आणि लॉयरला तुलनेने सोपा खेळाडू मिळे. मॉर्टन बाकावरून येऊन हेच काम करी. आता दोघेही नाहीत.

अलाबामाचा मार्क सीअर्स १५ नोव्हेंबरला मॅकीमध्ये येणार आहे आणि त्यानंतर चारच दिवसांनी मिलवॉकीत मार्केटचा कॅम जोन्स समोर असेल. अलाबामा क्रमवारीत दुसरा आहे आणि त्यांचा खेळ वेगाचा आणि थ्रीचा आहे. मार्केट तर चेंडू हिसकावण्यावरच जगणारा संघ. या दोन सामन्यांत सीअर्स आणि कॅम जोन्स यांना कोण धरणार? स्मिथने धरले तर ६ फुटांच्या त्या मुलाला चाळीस मिनिटे दोन्ही टोकांना राबावे लागेल. कॉल्विनची उडी आणि वेग उत्तम आहे, पण गेल्या वर्षी तो नवागत होता, त्याला मिनिटे थोडी मिळाली, आणि सहा-साडेसहा फुटांच्या खेळाडूने छोट्या, चपळ गार्डच्या मागे स्क्रीनमधून वाट काढणे हे वेगळेच काम आहे.

म्हणून माझ्या मते पाचव्या नावापेक्षा सहावे आणि सातवे नाव अधिक महत्त्वाचे आहे, आणि ती नावे जिकारी हॅरिस आणि सी. जे. कॉक्स ही असावीत. दोघेही नवागत गार्ड आहेत. गुण नाही मिळवले तरी चालेल, पण बचावात पाय हलवणारे कोणी तरी हवेच. यांच्यापैकी एकाने डिसेंबरपर्यंत विश्वास कमावला, तर २१ तारखेला बर्मिंगहॅममध्ये ऑबर्नविरुद्ध आपण वेगळाच संघ पाहू. सुरुवातीच्या पाचांत मीही कॉल्विनलाच घेईन, कारण त्याच्याइतकी उडी या संघात हाइडीखेरीज कोणाकडे नाही. मात्र त्याची परीक्षा थ्रीवर घेऊ नये, बचावावर घ्यावी.

रेडशर्ट

नवागतांबद्दल थोडेसे. पेंटर नव्या मुलांना घाईने उतरवत नाहीत. कॉफमन-रेन, हाइडी आणि बर्ग या तिघांनीही पहिले वर्ष न खेळता केवळ सरावात काढले होते आणि आज तिघेही चर्चेत आहेत, हे लक्षात घ्यावे. त्यामुळे पाचही नवागत खेळतील असे धरून चालू नये. जॅक बेंटर किंवा रॅली बर्जेस यांच्यापैकी एखाद्याचे हे वर्ष राखून ठेवले गेले तर मला नवल वाटणार नाही.

जेकबसनला मात्र थांबवणे परवडणार नाही. उन्हाळ्यात तो अमेरिकेच्या १८ वर्षांखालील संघातून ब्वेनोस आइरेसमधील अमेरिकप ही अमेरिका खंडांतील देशांची स्पर्धा खेळून सुवर्णपदक घेऊन आला आहे. अंगाने सडपातळ आहे आणि बिग टेनचे दणकट सेंटर त्याला मागे रेटतील, यात शंका नाही. पण बास्केटसमोर हात वर करून उभा राहिला की समोरच्याला शॉटचा मार्ग बदलावा लागेल, असा संघात तो आणि बर्ग एवढेच आहेत, आणि दोघांत जेकबसनचे हात अधिक मऊ आहेत. उंचमाझा यांनी त्याला बाकावर बसवले आहे. मी त्याला पहिल्या सामन्यापासून सुरुवातीला उतरवीन आणि कॉफमन-रेनला चारवर ठेवीन, म्हणजे मुलाला लवकर सवय होईल. शेवटच्या पाच मिनिटांत कोण खेळतो ते वेगळे ठरवता येते.

टिपऑफ

सर्वांचे मनापासून आभार. बाहेरचीरेषा यांचा जोन्सचा मुद्दा वाचून माझ्या प्रश्नाचा रोखच बदलला.

रेडशर्ट यांच्या मांडणीबद्दल एक शंका विचारतो. कॉफमन-रेन चारवर गेला की हाइडीला तीनवर यावे लागेल, नाहीतर त्याला किंवा कॉल्विनला बाकावर बसावे लागेल. अंतिम सामन्यात कनेक्टिकटने ईडीला एकाच खेळाडूच्या भरवशावर सोडले, त्याने ३७ गुण मिळवले, पण बाकीच्यांना थ्रीच मिळू दिले नाहीत. पर्ड्यूने अख्ख्या सामन्यात थ्रीचे सातच प्रयत्न केले आणि त्यांतला एकच आत गेला. कोर्टवर थ्री न मारणारे दोघे एकदम ठेवले, तर असा बचाव करणे प्रत्येकाला सोपे जाणार नाही का? शिवाय फर्स्टचे नाव अजून कोणीच घेतलेले नाही.

उंचमाझा

आपली शंका रास्त आहे आणि माझाही आक्षेप तोच आहे. कनेक्टिकटचा डाव उभा राहिला तो डॉनोव्हन क्लिंगनसारखा सेंटर ईडीसमोर एकटा टिकू शकला म्हणून. पण जेकबसनला तर मदतीशिवाय सोडण्याची जोखीम कोणताही संघ आनंदाने घेईल.

फर्स्टबद्दल माझे मत अनेकांपेक्षा चांगले आहे. २०२१ मध्ये तो इंडियानाचा मिस्टर बास्केटबॉल होता, ६ फूट १० इंच उंच आहे, आणि गेल्या वर्षी मिनिटे आटली तेव्हा दुसरीकडे न जाता चौथ्या वर्षासाठी इथेच राहिला. तो स्क्रीन नीट लावतो, पळतो आणि चुकीच्या जागी उभा राहत नाही. कॉफमन-रेनला दोन फाउल लवकर लागले, जे सेंटर म्हणून खेळताना अनेकदा होईल, तर जेकबसनच्या आधी मला फर्स्ट कोर्टवर दिसतो, निदान नोव्हेंबरात.

क्रेटनच्या सामन्यात ७ फूट १ इंचांचा रायन काल्कब्रेनर समोर असेल. सराव सामना असला तरी त्याच्याइतका चांगला बचाव करणारा सेंटर आपल्याला वर्षभरात फारसा भेटणार नाही. त्याच्यासमोर पहिल्या उडीला कोण उभा राहतो, यापेक्षा कॉफमन-रेन पाचवर असताना पर्ड्यूने किती मिनिटे काढली आणि त्या मिनिटांत समोरच्यांनी बास्केटखाली किती गुण मिळवले, हे मी मोजणार आहे. कोणी तो सामना ओमाहात जाऊन पाहणार असेल, तर बाहेरचीरेषा यांच्या म्हणण्यानुसार हॅरिस आणि कॉक्स यांना कोणत्या गार्डवर सोडले जाते, तेही टिपून इथे जरूर लिहावे.