गाडीचं दार करकरतंय, नेमकं काय लावू?

मांडवीकाठ:
नमस्कार मंडळी. आमची गाडी नऊ वर्षांची. घर पणजीत मिरामारला, समुद्राजवळ, गाडी उघड्यावरच असते. पाऊस सरला तेव्हापासून चालकाकडचं दार उघडताना जोरात करकरतं. रात्री ड्युटीवरून आलो की शेजारचं तान्हं बाळ दचकून उठतं, फार वाईट वाटतं. डब्ल्यूडी-४० (गंज सोडवायचा स्प्रे) दोनदा मारलं, आठ दिवसांत आवाज परत. आई म्हणते खोबरेल घाल. गॅरेजवाला म्हणतो बिजागऱ्याच बदला. काय करू?

सत्तरीवाला:
खोबरेल नको. त्याला धूळ चिकटते आणि थंडीत ते थिजतं. डब्ल्यूडी-४० वाईट नाही, पण ते १९५३ साली पाणी हटवण्यासाठी बनवलेलं. गंज सोडवतं, मळ काढतं, पण जुनं ग्रीसही धुऊन नेतं आणि मागे अगदी पातळ थर उरतो. म्हणून आठ दिवसच टिकलं.

आधी आवाज कुठून येतो ते बघा. कुणाला तरी दार सावकाश उघडायला सांगा आणि तुम्ही बिजागरीवर बाहेरून बोट टेकवा (फटीत घालू नका). जिथे करकर, तिथे थरथर बोटाला कळते. दोन बिजागऱ्यांच्या मधे एक लोखंडी पट्टी असते, दार अर्ध्यावर थांबवणारी. पुष्कळदा दोष तिचाच असतो आणि बिचाऱ्या बिजागऱ्या बदलल्या जातात.

बदलायच्या आधी एक करा: दार अर्धं उघडून खालून वर उचलून बघा. खडखडत हललं तर पिन झिजलीय, तिथे ग्रीस काही करणार नाही. हललं नाही तर पैसे वाचले.

फोंड्याची:
सत्तरीवाल्यांशी सहमत. फक्त साफ केल्याशिवाय काही लावू नका, ही कळकळीची विनंती. आपल्याकडची तांबडी माती आणि जुनं ग्रीस मिळून जो चिखल होतो तो लोखंड घासून काढतो. जुना टूथब्रश आणि चिंधी घ्या, डब्ल्यूडी-४० इथे वापरा, कोरडं पुसा. मग पांढरं लिथियम ग्रीस, नळीवालं स्प्रे. पंधरा-वीस वेळा दार उघडझाप करा, बाहेर आलेलं पुसून टाका.

दाराच्या कडेच्या रबरी पट्टीला (बीडिंगला) मात्र ग्रीस लावू नका, पेट्रोलियमचं ग्रीस रबर फुगवतं. तिथे सिलिकॉन स्प्रे, तोही फडक्यावर घेऊन. आणि तुम्ही समुद्राजवळचे, म्हणून सांगते: दाराच्या खालच्या कडेची पाणी जायची भोकं काडीने मोकळी करा. ती बुजली की खारं पाणी आत साचतं आणि दार आतून कुजतं.

मांडवीकाठ:
दार उचलून बघितलं, अजिबात हललं नाही. बिजागऱ्या ठीक, करकरत होती ती मधलीच पट्टी! तिच्यावरून चिंधी फिरवली तर काळी-तांबडी राड निघाली, वाळू लागावी तशी खरखरीत. साफ करून ग्रीस मारलं, आवाज गेला. खालच्या एका भोकातून वाटीभर गढूळ पाणी आलं, पावसातलंच असावं. ताई, हे किती दिवसांनी करायचं?

फोंड्याची:
मे महिन्यात एकदा, पाऊस लागायच्या आधी. दुसऱ्यांदा चतुर्थी आटोपून पाऊस ओसरला की. बाकीची तीन दारं आणि डिकी पण करून घ्या, तेच पाणी त्यांनीही खाल्लंय.