मदत हवी आहे : ‘बुक ऑफ मॉर्मन’मधील बाप्टिस्ट वळण कुठून आले?

१८३० साली अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील पाल्मायरा येथे छापलेल्या ‘बुक ऑफ मॉर्मन’मध्ये, म्हणजे मॉर्मन पंथाच्या धर्मग्रंथात, राजा बेंजामिनचे भाषण ऐकायला लोक मंदिराकडे दारे करून तंबू ठोकतात आणि अखेरीस जमिनीवर कोसळून क्षमा मागतात, हे दृश्य मला थेट मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या तंबू-मेळाव्यातले वाटते. ग्रंथ प्रसिद्ध करणारा पंथसंस्थापक जोसेफ स्मिथ याचा तरुणपणीचा कल मेथडिस्टांकडे होता, हे त्याच्याच निवेदनात वाचल्याने त्याचे नवल वाटले नाही. अडचण आहे ती ग्रंथातील ‘मोरोनी’ या भागाच्या आठव्या अध्यायाची. तेथे बालबाप्तिस्म्याचा कडक धिक्कार आहे; ही भूमिका बाप्टिस्ट पंथाची, आणि मेथडिस्ट तर बालकांना बाप्तिस्मा देत. पूर्वाश्रमीचा बाप्टिस्ट उपदेशक सिडनी रिग्डन ग्रंथ छापून झाल्यावर सामील झाला, म्हणून ‘हे वळण त्याच्याकडून आले’ हे उत्तर मी बाजूला ठेवले आहे. श्रद्धेच्या खरेखोटेपणाचा वाद नको. इंग्रजी साधने चालतील. पाल्मायरा परिसरात १८३०पूर्वी बालबाप्तिस्म्यावर झालेल्या वादाची समकालीन कागदपत्रे कोणती आणि ती कोठे वाचता येतील?