गुन्हेगारीशास्त्राच्या पदवीसाठी साडेसात लाख रुपये खर्च करावेत का?

अंबाजोगाईकर

नमस्कार. माझ्या धाकट्या बहिणीने कला शाखेतून बारावी उत्तीर्ण केली असून तिला गुन्हेगारीशास्त्रात पदवी घ्यायची आहे. पुण्याजवळच्या एका खाजगी विद्यापीठात या विषयाचा तीन वर्षांचा बी.ए. अभ्यासक्रम आहे. त्याचे वार्षिक शुल्क १,६०,००० रुपये असून वसतिगृह व खाणावळीचे वर्षाला ९०,००० रुपये वेगळे, म्हणजे एकूण खर्च साडेसात लाखांवर जातो. आमची तीन एकर कोरडवाहू जमीन आहे. २०२५-२६ च्या ५,३२८ रुपये हमीभावाने हिशेब केला तरी एका वर्षाचे नुसते शुल्क भरायला तीस क्विंटल सोयाबीन लागते, आणि पाऊसपाणी चांगले झाले तर आमच्या रानात पंचवीस-सव्वीस क्विंटल निघते. हमीभाव हाती पडतोच असेही नाही. त्यामुळे पाच लाखांचे शैक्षणिक कर्ज काढण्याचा विचार आहे. प्रवेश समुपदेशकाने पगाराचा जो आकडा दाखवला, तो अमेरिकेतील पगाराचे रुपयांत केलेले रूपांतर होते, हे घरी आल्यावर लक्षात आले. या पदवीवर आपल्याकडे प्रत्यक्ष काय मिळते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निवृत्त फौजदार, परभणी

आपण प्रथम एक गोष्ट तपासावी: जी नोकरी डोळ्यांसमोर आहे, तिच्यासाठी हीच पदवी लागते का? पोलीस शिपाई भरतीला बारावी पुरते आणि मूळ वेतन २१,७०० रुपयांपासून सुरू होते. उपनिरीक्षकाची परीक्षा लोकसेवा आयोग घेतो. त्यासाठी कोणत्याही शाखेची पदवी चालते आणि मूळ वेतन ३८,६०० रुपयांपासून आहे. माझ्या तुकडीत मराठी, वाणिज्य आणि कृषी पदवीधर होते. गुन्हेगारीशास्त्राचा एकही नव्हता आणि त्यावाचून कोणाचे अडलेही नाही. मैदानी चाचणीत तर पदवी कोणी विचारतच नाही.

आता कर्जाचे पाहा. पाच लाख रुपये साडेदहा टक्के दराने दहा वर्षांत फेडायचे म्हटले, तर मासिक हप्ता सुमारे ६,७५० रुपये बसतो आणि एकूण परतफेड आठ लाखांच्या पुढे जाते. शिकत असताना चढणारे व्याज यात धरलेले नाही. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागत नाहीत, म्हणून कर्ज मिळेलही, परंतु कर्ज मिळणे आणि ते फिटणे या वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय राज्य शासनाने २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांतील मुलींना, आठ लाखांच्या उत्पन्न मर्यादेत, ठरावीक प्रवर्गांसाठी जी संपूर्ण शुल्कमाफी दिली आहे, ती खाजगी स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांत मिळत नाही.

प्रयोगशाळेतला

पुष्कळ पालक गुन्हेगारीशास्त्र आणि न्यायसहायक विज्ञान (फॉरेन्सिक सायन्स) यांत गल्लत करतात. दुसऱ्याला मागणी नक्कीच वाढते आहे, कारण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) नुसार सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत घटनास्थळी न्यायसहायक तज्ज्ञाने जाणे अपेक्षित आहे, आणि ही व्यवस्था उभारण्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत दिली आहे. छत्रपती संभाजीनगरात याच विषयाची शासकीय संस्था आहे. मात्र तेथे विज्ञान शाखा लागते, त्यामुळे आपल्या बहिणीला हा मार्ग उपलब्ध नाही. जाहिरातीत या दोन विषयांची सरमिसळ केली असेल, तर तेवढ्यावरूनच सावध व्हावे.

बालगृहातली ताई

फौजदारसाहेबांचा हिशेब बरोबर आहे. परंतु त्यावरून हा विषयच निरुपयोगी ठरवू नये, असे मला वाटते. मी बीडला समाजशास्त्रात बी.ए. केले, नंतर गुन्हेगारीशास्त्रात एम.ए. केले आणि आता विधिसंघर्षग्रस्त, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या, बालकांसोबत काम करते. एखादा चौदा वर्षांचा मुलगा मोटारसायकल का चोरतो, ऊसतोडीला गेलेल्या आईवडिलांच्या माघारी त्याचे सहा महिने कसे जातात, हे सामाजिक अन्वेषण अहवालात नीट मांडता आले तर बाल न्याय मंडळाचा निर्णय बदलू शकतो, आणि ते मांडण्याची दृष्टी मला याच विषयाने दिली.

पैसा मात्र बेताचा आहे. मिशन वात्सल्य या बालसंरक्षणाच्या योजनेत समुपदेशकाला दरमहा १८,५३६ रुपये मानधन ठरलेले आहे आणि विधी-नि-परिविक्षा अधिकाऱ्याला (लीगल-कम-प्रोबेशन ऑफिसर) २७,८०४ रुपये. दोन्ही पदे कंत्राटी आहेत, आणि दुसऱ्या पदासाठी कायद्याची पदवी लागते. १८,५३६ मधून ६,७५० रुपयांचा हप्ता गेल्यावर खोलीभाडे देऊन काय उरेल, ते आपणच पाहावे. म्हणून माझे मत असे की, पदवी अंबाजोगाईतच समाजशास्त्र किंवा मानसशास्त्रात घ्यावी आणि गुन्हेगारीशास्त्र पदव्युत्तर स्तरावर शिकावे. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात गुन्हेगारीशास्त्र व न्याय ही शाखा आहे. प्राध्यापक व्हायचे असल्यास नेट परीक्षेतही हा स्वतंत्र विषय आहे, पण अशा जागा क्वचितच निघतात.

अंबाजोगाईकर

सर्वांचे आभार. बहिणीला हे सगळे वाचून दाखवले. वर्दीपेक्षा ताईंनी लिहिलेले काम तिला जवळचे वाटले, म्हणून येथेच समाजशास्त्रात बी.ए. आणि त्यानंतर कायद्याची पदवी, असे तूर्त ठरते आहे. पुण्याला जाता येणार नाही, याचा थोडा रुसवा आहे. अडचण एवढीच की, जागा राखण्यासाठी त्या विद्यापीठाला दहा हजार रुपये आधीच भरले आहेत आणि मूळ गुणपत्रिकाही तिकडेच आहे. ते परत मिळेल का?

निवृत्त फौजदार, परभणी

मूळ कागदपत्रे अडवून ठेवण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेने मनाई केली आहे. त्याच अधिसूचनेनुसार प्रवेशाच्या जाहीर केलेल्या अखेरच्या तारखेच्या पंधरा किंवा अधिक दिवस आधी प्रवेश रद्द केल्यास, प्रक्रिया शुल्कापोटी होणारी मर्यादित कपात वगळता, शुल्क परत द्यावे लागते. दूरध्वनीवर बोलत बसू नका. आजच लेखी अर्ज ई-मेलने पाठवा, त्याची प्रत स्पीड पोस्टाने टाका आणि पावती जपून ठेवा.