आई-बाबांना क्रूझवर न्यायचं आहे, दोघांनीही समुद्र पाहिलेला नाही

दारव्ह्याचा_दुकानदार

नमस्कार मंडळी. दारव्ह्याजवळ खेड्यात माझं कृषी केंद्र आहे. बाबा ६४ वर्षांचे, आई ५९ ची. यंदा कापसानं काही दिलं नाही, पण लहान्या भावाला नोकरी लागली आणि त्यानं जाहीर करून टाकलं की फेब्रुवारीत, तूर निघाली की, आई-बाबांना मुंबईहून गोव्याच्या जहाजात बसवायचं. सोबत मी जाऊन राहिलो. आमच्यापैकी कोणीच जहाज पाहिलं नाही. आई-बाबांनी तर समुद्रही नाही.

जाहिरातीत सगळे लोक चष्मे लावून स्विमिंग पूलमध्ये दिसतात, त्यातून काही कळत नाही. मला साधं विचारायचं आहे. खोली कोणती घ्यावी, बाल्कनीवाली की बिनखिडकीची? एसटीत घाटात आईला ओकारी होते, तिथं काय होईल? आई माळकरी, जेवणाचं काय? आणि बाबांचा पायजमा-सदरा चालतो का तिथं, की कोणी हसेल?

मेहकरचा_नाना

खारं पाणीच पाहायचं तर आमचं लोणार आहे ना बाजूला. तेवढ्या पैशात चारधाम होते, भाऊ.

निवृत्त_बाई_दर्यापूर

नाना, लोणारला जहाज चालत नाही.

बाबू, तुझा प्रश्न वाचून हसू आलं, कारण मागच्या वर्षी आमच्या घरात हेच चालू होतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं शिकवलं. आमचे हे शेती करतात, खारपाणपट्ट्यात. लेकीनं मुंबई-गोवा-मुंबई असं दोन रात्रींचं तिकीट काढून दिलं. यांचं पहिलं वाक्य, "अन् वावर कोन पाहीन?" तुझे बाबाही हेच म्हणतील, त्याची तयारी ठेव.

आधी गाडीचं सांगते, कारण खरी दमछाक तिथं झाली. मुर्तिजापूरला रात्री अमरावती एक्स्प्रेसमध्ये बसलो, सकाळी सीएसएमटीला. जहाजाचं टर्मिनल बॅलार्ड पिअरला, टॅक्सीनं दहा मिनिटं. पण आत घेतात दुपारी. तोवर बॅगा सांभाळत बसायचं कुठं? आम्ही वेटिंग रूममध्ये बसलो आणि समुद्र दिसायच्या आधीच यांचे गुडघे आखडले. तुम्ही एक दिवस आधी पोचा. गाडी चार-पाच तास लेट झाली तर जहाज काही आपल्यासाठी थांबत नाही.

बॅगांचं दुसरं. मोठ्या बॅगेला खोलीच्या नंबरची चिठ्ठी लावून ती बंदरावरच घेऊन घेतात, मग ती खोलीच्या दाराशी येते संध्याकाळी. यांची बीपीची गोळी त्याच बॅगेत! दुपारची गोळी रात्री आठला घेतली. औषधं, चष्मा, आधार कार्ड, एक जोडी कपडे हातातल्या पिशवीतच असू दे. आणि तिकिटावरचं नाव आधारवर आहे तसंच्या तसं टाक. यांच्या नावात एक वेलांटी इकडची तिकडं होती, तेवढ्यावर पंधरा मिनिटं गेली.

मग तपासणी. मशीनमधून यांची चंची गेली आणि मशीन थांबलं. सासऱ्यांचा पितळी अडकित्ता होता आत. "हे काय तलवार हाय का, बावा?" असं हे त्या शिपायाला. तो पोरगा उत्तरेकडचा, त्याला ही वस्तूच माहीत नव्हती. मी मदत करायला गेले, "सुपारी का है," म्हटलं. मुंबईत सुपारीचा अर्थ वेगळा होतो हे मला उशिरा आठवलं. अडकित्ता जमा करून घेतला, टोकन दिलं, उतरताना परत मिळाला. खर्ऱ्याच्या, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या, चार पुड्या मात्र गेल्या त्या गेल्याच. तुझ्या बाबांना खर्ऱ्याची सवय असली तर आधी आठवडाभर कमी करायला लाव. आमचे हे पहिली संध्याकाळ कोणाशी नीट बोललेच नाहीत, आणि मला वाटलं जहाज लागलं म्हणून.

घरून डबाही नेऊ नका. लाडू-चिवडा मी नेला होता, तिथंच वाटून टाकावा लागला. जेवणाचं भ्यायचं काम नाही. आपल्याकडच्या जहाजावर शाकाहारी वेगळं मांडतात, जैनही मिळतं. कांदा-लसणाशिवाय हवं तर तिकीट काढतानाच लिहून दे आणि गेल्यावर पुन्हा एकदा सांग. भाकर नसते. चौथ्या जेवणाला यांना ज्वारीची भाकर आठवली, म्हणजे तसं बरंच चाललं म्हणायचं.

खोलीत बाबांना अडचण येईल ती संडासची. कमोडच आहे, आणि बटण दाबलं की असा फस्सकन ओढल्याचा आवाज होतो की हे पहिल्यांदा बाहेरच आले. आधी घरी समजावून सांग, लाजू नको. न्हाणीला बादली नाही, मग्गा नाही, वरून फवारा. दाराला वीतभर उंच उंबरठा, दोनदा ठेचकाळले. मी शेवटी त्यावर माझा लाल रुमाल बांधला.

निघायच्या आधी सगळ्यांना बोलावून आगीची-बुडायची कवायत घेतात. सात वेळा आखूड भोंगा, एकदा लांब. तो वाजला की आपापल्या ठरलेल्या जागी जमायचं. ती जागा कार्डावर लिहिलेली असते. पुष्कळ लोक तिथं फोटो काढत होते. आमचे हे शेवटपर्यंत सरळ उभे राहिले, जाकीट कसं बांधायचं ते दोनदा विचारून घेतलं. मला तेव्हा फार बरं वाटलं.

आता मुख्य. जहाजावर नाच, गाणी, जुगार, पूल, सगळं आहे. यांनी त्यातलं काही पाहिलं नाही. यांना एकच गोष्ट लागली, पाणी. आमच्या वावरातल्या विहिरीचं पाणी खारं, तोंडात धरवत नाही, पिकाला देता येत नाही. प्यायला शहानूर धरणाचं पाणी नळानं येतं. पहिल्या रात्री अंघोळ करून बाहेर आले आणि म्हणाले, "अवं, हे पानी गोडं हाय. चहूकडे खारं, अन् हे गोडं कुठून आनलं?" खोली झाडायला येणाऱ्या पोराला विचारलं. त्याला सांगता येईना. जेवण वाढणाऱ्याला विचारलं. दुसऱ्या दिवशी तो पोरगा एका इंजिनरूमवाल्या माणसालाच घेऊन आला, चहाच्या सुट्टीत. त्यानं कागदी रुमालावर आकृती काढून दाखवली. जहाज समुद्राच्या पाण्यातून स्वतःच गोडं पाणी करतं. तो रुमाल यांनी घडी करून पासबुकात ठेवला आहे. त्यानंतर साबण लावताना नळ बंद. "कोनाच्या मेहनतीचं पानी हाय ते."

गोव्याला उतरलो तेव्हा किनाऱ्यावर हे वाकले, बोट बुडवून चाखलं, माझ्याकडे पाहिलं. "हे तं आपल्या इहिरीची मोठी बहीन हाय."

पहाटे पाचला मात्र वरच्या डेकवर जा, बाबू. तेव्हा कोणी नसतं. आमचे हे सवयीनं उठले, मी मागोमाग. अंधार, इंजिनची घरघर पायात येते, आणि दूर एका मासेमारी नावेचा दिवा. तासभर उभे होतो. यांनी एवढंच विचारलं, की त्या नावेवर चहा कोण करत असेल.

पैशाचं थोडक्यात. जाहिरातीतला आकडा खरा नसतो, त्यावर बंदराचा आकार, जीएसटी, माणशी रोजचा सर्व्हिस चार्ज. आम्हा दोघांत अकरा हजारांचा फरक आला. तिथं नोट चालत नाही, खोलीचं कार्डच सगळीकडे दाखवायचं, म्हणून पैसे गेल्याचं कळत नाही. लिंबू सरबत जेवणात धरलेलं असेल असं मी समजले होते. नव्हतं. रोज रात्री काउंटरवर हिशेब पाहून घे. पायजमा-सदऱ्याला कोणी हसलं नाही. हसायला वेळ कोणाला?

गॅलीतला_मूलकर

बाई, तुमचं वाचून मजा आली. मी चंद्रपूर जिल्ह्यातला, मूलजवळचा. नागपुरात हॉटेल मॅनेजमेंट केलं, सहा वर्षं झाली, जहाजाच्या स्वयंपाकघरात आहे. नऊ महिने पाण्यावर, मग सुट्टीत धानाच्या बांध्यात.

काकांच्या पाण्याचं आधी. दोन रीती आहेत. एक, इंजिनची वाया जाणारी उष्णता वापरायची. भांड्यातली हवा ओढून दाब कमी केला की पाणी शंभर अंशांच्या पुष्कळ खाली उकळतं, वाफ वेगळी करून थंड केली की गोडं पाणी. दुसरी आरओ, म्हणजे जाळीतून जोरानं दाबायचं, गावातल्या वॉटर एटीएममध्ये असतं तेच, फक्त इथं जोर कितीतरी जास्त लागतो, कारण समुद्राच्या एका लिटरात ३५ ग्रॅमच्या आसपास क्षार असतात. मग त्यात क्लोरिन, थोडे खनिज. हे काम किनाऱ्यापासून दूर गेल्यावरच करतात, बंदरातलं पाणी घाण असतं.

दुकानदार भाऊ, खोलीचं. बैलबंडीत मागच्या टोकावर बसलं की कसं आदळतं, आणि आसावर बसलं की कमी? जहाजाचं तेच. खालचा मजला, लांबीच्या मधोमध, तिथं झुलणं सगळ्यात कमी. बाल्कनी बहुतेक वरच्या मजल्यांवर, महागही. आईला ओकारी होते म्हणता, तर खाली मध्ये, बंद का होईना पण खिडकीवाली घ्या. बिनखिडकीच्या खोलीत रात्र-दिवस कळत नाही, म्हातारे माणसं गोंधळून जातात. मी एका आजोबांना दुपारी तीनला नाश्ता मागताना पाहिलं आहे.

फेब्रुवारीत अरबी समुद्र साधारण शांत असतो. पावसाळ्यात मी स्वतः माझ्या आईला बसवणार नाही. ओकारीची गोळी मळमळ सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही, जहाज सुटायच्या अर्धा-एक तास आधी घ्यायची. झोप येते. बीपी, काचबिंदू, लघवीचा त्रास असला तर आधी डॉक्टरला विचारा. उपाशीपोटी राहू नका, हे सगळे उलटं करतात. वरण-भात, आल्याचा तुकडा, आणि डेकवर जाऊन क्षितिजाकडे पाहायचं, मोबाइलकडे नाही.

हात साबणानंच धुवा. जहाजावर जुलाब-उलटीची साथ पसरते ती नोरोव्हायरसची, आणि त्याला बाटलीतलं सॅनिटायझर फारसं जुमानत नाही. बुफेच्या दाराशी बेसिन दिसलं की थांबा. आणि मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका. किनारा सुटला की फोन जहाजाच्या उपग्रहाच्या नेटवर्कला आपोआप लागतो, बिल घरी गेल्यावर कळतं.

अकोल्याची_रोहिणी

एक सुचवते. मुंबईला एक दिवस आधी पोचणारच असाल तर भाऊच्या धक्क्याहून मांडव्याची रो-रो बोट आहे, २०२० पासून चालते. तासाभराचा प्रवास, गाड्याही चढतात. आईला समुद्र लागतो का ते तिथंच कळेल. माझ्या सासूबाईंना घाट लागतो, बोट अजिबात लागली नाही. आम्ही पुढं सिंगापूरची क्रूझही केली. पण तिथं पासपोर्ट, व्हिसा, सगळं आलं. जहाज मलेशियाला जाऊन सिंगापूरलाच परत येतं, म्हणून एकदाच आत येऊ देणारा व्हिसा चालत नाही. पहिल्यांदा गोवाच बरा.

दारव्ह्याचा_दुकानदार

सगळ्यांचे आभार. शकुंतला, आमची छोटी रेल्वे, बंद पडल्यापासून आम्हाला मुर्तिजापूरपर्यंत एसटीच आहे, म्हणून एक दिवस आधी निघणं पटलं. खालचा मजला, मध्ये, खिडकीवाली, हे भावाला कळवलं. मांडव्याचंही करू.

काल रात्री बाईंचं सगळं बाबांना वाचून दाखवलं. संडासच्या आवाजाला आई हसली, बाबा नाही हसले. पाण्याचं ऐकून त्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग विचारलं, "त्या गुरुजीनबाईच्या मालकाचा फोन नंबर हाय का?" अजून हो म्हटलेलं नाही. बैलाचं शेजारच्या काकांना विचारतो म्हणाले.

निवृत्त_बाई_दर्यापूर

नंबर इथं नको टाकायला, बाबू, खाजगीत पाठवते. यांना सांगितलं, तर ते म्हणतात, फोन संध्याकाळी सातनंतर कर म्हणावं, आणि तो रुमाल आधी शोधून ठेव.